ज्येष्ठांसाठी शहर राहण्याजोगं करायचं, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या कारभारात ज्येष्ठांसाठी एक समिती नेमली आहे आणि तुम्ही तिच्यावर आहात. पैसा बेताचा आहे. बहुतेक सदस्यांना एक मोठं विरंगुळा केंद्र बांधावं असं वाटतंय. तुम्हाला ते पुरेसं वाटत नाही, पण त्याऐवजी काय करायचं हे सांगता येत नाहीये. रस्ते, चौक आणि बसथांबे यांची आखणी हे माझं काम आहे, आणि त्यातली बरीच वर्षं वयस्क माणसांच्या सोबत त्यांच्या गल्ल्यांतून चालण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी मत सांगतो. केंद्राला माझा विरोध नाही, पण पहिला पैसा त्यात घालू नका. केंद्रात ज्यांना येता येतं तेच येतात. त्यांचे पाय अजून चालतात, ओळखीपाळखी असतात, आणि केंद्र नसतं तरी ते कुठे ना कुठे जमलेच असते. ज्यांचं बाहेर पडणंच थांबलंय, त्यांच्यासाठी ती इमारत दुसऱ्या गावात बांधल्यासारखीच आहे.

वयस्क माणसासाठी शहर कसं आहे हे माझ्या मते एकाच गोष्टीवरून ठरतं. दारातून निघून, आपलं काम आपण उरकून, धास्ती न बाळगता परत घरी येता येतं का? ही फेरी दिसायला छोटी असते. जिना, फाटक, फूटपाथ, चौक, मध्ये कुठेतरी बसणं, गरज पडली तर स्वच्छतागृह, बस, कचेरीतली किंवा दुकानातली खिडकी, आणि हे सगळं पुन्हा उलट क्रमाने. यातलं सगळं नीट असलं आणि एकाच ठिकाणी अडलं, तरी अख्खी फेरी रद्द होते. तरुण माणूस अडचणीतून वाट काढतो. सत्तरी-ऐंशीतला माणूस ती अडचण एकदा, दोनदा सोसतो आणि मग जाणंच बंद करतो. कुणाकडे तक्रार करत नाही. घरच्यांना सांगतो, "आता फारसं बाहेर जावंसं वाटत नाही." घरचेही ते वयावर घालतात.

म्हणून पाहणी करताना "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. त्याची उत्तरं ठरलेली असतात: बाग, केंद्र, सवलत. त्याऐवजी विचारा, "गेल्या एक-दोन वर्षांत तुम्ही कुठे जायचं सोडलं? आणि कशामुळे?" या प्रश्नाची उत्तरं पत्त्यासकट येतात. त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जात नाही, कारण चौक ओलांडवत नाही. वाचनालय सोडलं, कारण तिथे पाच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. बहिणीकडे जात नाही, कारण बस थांबायच्या आत सुटते. अशी उत्तरं नकाशावर मांडली की तीच ती ठिकाणं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. तिथून कामाला लागायचं.

ही माणसं शोधावी लागतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गटाला विचारून भागत नाही, कारण ते तर फिरताहेतच. औषधाचा दुकानदार, घरकामाला येणाऱ्या बायका, पेपर टाकणारा, पोस्टमन, घरी येणारी नर्स, इमारतीचा रखवालदार यांना विचारा, "पूर्वी दिसायचे आणि आता दिसत नाहीत, असे कोण?" परवानगी घेऊन त्यांच्या घरी जा. समितीच्या सदस्यांनी स्वतः जा, अर्ज वाटू नका.

जागतिक आरोग्य संघटनेनेही सुरुवात अशीच ऐकण्यापासून केली होती. रिओ द जानेरो इथे २००५ मध्ये भरलेल्या वार्धक्यशास्त्राच्या जागतिक परिषदेत ही कल्पना पुढे आली. मग जगभरातल्या ३३ शहरांत सुमारे दीड हजार ज्येष्ठांशी गटागटाने बोलून २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका निघाली. तिच्यात आठ विषय आहेत: मोकळ्या जागा आणि इमारती, वाहतूक, घरं, लोकांत मिसळणं, मान आणि सामावून घेणं, नागरी सहभाग आणि रोजगार, माहिती आणि संवाद, आणि आरोग्यासह आधाराच्या सेवा. मार्गदर्शिका चांगली आहे, तुम्ही वाचाच. फक्त तिच्यावरून आठ उपसमित्या नेमू नका. तसं केलं की प्रत्येक उपसमिती आपापला अहवाल लिहिते आणि चौक होता तसाच राहतो. काम सुरू झाल्यावर काही राहून तर गेलं नाही ना, हे पडताळायला ती वापरा.

आता चौकाविषयी. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माणसं सगळ्यात जास्त अडतात ती इथेच.

एका पाहणीत मी एका आजींबरोबर चालत होतो. आम्ही चौकाशी आलो तेव्हा चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागलेलाच होता. मी पाऊल उचललं. आजी खांबाला धरून उभ्याच. म्हणाल्या, "हा अर्धा झाला असेल. पुढचा घेऊ." पुढचा दिवा लागताक्षणी त्या निघाल्या. निघण्याआधी एकदा वाहनांकडे पाहिलं, त्यानंतर नजर पूर्ण वेळ जमिनीवर, कारण पट्ट्यांच्या मध्ये डांबराचा एक उंचवटा होता आणि त्यात त्यांचा पाय आधी एकदा अडकला होता. अर्ध्यात पोचल्या आणि दिवा लुकलुकायला लागला. त्यांनी वेग वाढवायचा प्रयत्न केला, म्हणजे खांदे पुढे गेले, पाय त्याच गतीने पडत राहिले. वळणाऱ्या एका गाडीने हॉर्न दिला. पलीकडे पोचल्यावर खांब धरून त्या थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना जायचं होतं ते दुकान तिथून दहा पावलांवर होतं. एकटी असते तर आलेच नसते, म्हणाल्या.

आता याचं गणित पाहा. अनेक देशांत सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं गेलं. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांच्या चालण्याची मोजमापं तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या वयाचे बहुतेक पुरुष आणि त्याहून जास्त प्रमाणात स्त्रिया यापेक्षा हळू चालत असल्याचं दिसलं. पुरुषांची सरासरी होती ०.९ मीटर आणि स्त्रियांची ०.८. म्हणजे १६ मीटर रुंद रस्ता १.२ च्या हिशेबाने १३ सेकंदांत ओलांडून व्हायला हवा, पण ०.८ च्या गतीने त्याला २० सेकंद लागतात. हिशेबातला वेळ संपतो तेव्हा बाई रस्त्यात असते, आणि तिच्यापुढे अजून पाच मीटरहून अधिक रस्ता उरलेला असतो. यात तिच्या म्हातारपणाचा दोष नाही, आपण धरलेला आकडा चुकीचा आहे. अमेरिकेच्या २००९ च्या वाहतूक नियमावलीने हाच आकडा सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला.

यावर वाहतूक खात्याचं उत्तर तुम्हाला ऐकायला मिळेल: सिग्नलच्या प्रत्येक आवर्तनाला सात सेकंद वाढवले तर गाड्या तुंबतील. सिंगापूरने २००९ मध्ये यातून चांगली वाट काढली. खांबावर एक वाचक यंत्र बसवलं. ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड त्याला लावलं की त्या वेळेपुरता हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीनुसार ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. गरज असेल तेव्हाच वेळ वाढतो. तुमच्याकडे अशी यंत्रं बसवायला पैसे नसतील, तर ज्या चौकांजवळ दवाखाना, बाजार किंवा ज्येष्ठांची वस्ती जास्त आहे तिथे सरसकट वेळ वाढवा. त्याला खर्च जवळजवळ नाही, कर्मचाऱ्याने येऊन सिग्नलची मांडणी बदलायची एवढंच. यासोबत आणखी दोन गोष्टी. चालणाऱ्यांना वाहनांच्या आधी तीन-चार सेकंद सोडा, म्हणजे वळणारा चालक त्यांना रस्त्यात आलेलं पाहतो. आणि रस्ता रुंद असेल तर दुभाजकात थांबायला जागा द्या, पण ती निदान दोन मीटर रुंद असू द्या. अरुंद पट्टीवर दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना उभं राहायला धडधाकट माणूसही घाबरतो.

न्यूयॉर्कने २००८ मध्ये ज्येष्ठ पादचाऱ्यांसाठी रस्ते सुरक्षित करायला घेतले. तिथे आधी वयस्क पादचाऱ्यांचे गंभीर अपघात कुठे होतात हे पाहून भाग निवडले आणि मग त्या भागांतले चौक दुरुस्त केले. ही पद्धत तुम्हीही घ्या. सगळ्या शहराला थोडं थोडं वाटत बसू नका. दोन-तीन वस्त्या निवडा आणि तिथली दारापासूनची सगळी वाट पूर्ण करा.

फूटपाथबद्दल लोक रुंदीचीच चर्चा करतात. वयस्क माणसाला आधी सपाटी हवी असते. वय वाढतं तसं पाऊल जमिनीपासून कमी उचललं जातं, त्यामुळे आपल्याला दिसतही नाही अशा बोटभर उंचीच्या कडेला चवडा अडतो. मोठा खड्डा दिसतो, माणूस तो टाळतो. वर आलेली फरशी दिसत नाही. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि हे मृत्यू सगळ्यात जास्त साठीपुढच्यांत होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पडून न मेलेला माणूसही बरेचदा पुन्हा पूर्वीसारखा बाहेर पडत नाही, कारण हाड जुळतं पण भीती राहते. म्हणून केबल किंवा नळासाठी खोदलेली जागा पूर्ववत सपाट होत नाही तोवर ठेकेदाराचं बिल काढायचं नाही, असा नियम करा. कुठल्याही नव्या योजनेपेक्षा याचा उपयोग जास्त होतो असं मला ठामपणे वाटतं. गुळगुळीत, चकचकीत फरशी दिसायला छान असते, पण ओली झाली की ती वयस्क माणसाला घरी बसवते. गाड्या आत नेण्यासाठी प्रत्येक फाटकापुढे फूटपाथ तिरका केला की चालणाऱ्याला वर-खाली तर करावं लागतंच, शिवाय एका बाजूला कलून चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्याला तो आडवा उतार पायऱ्यांइतकाच जड जातो.

आता बाक. समितीत बाकांचा विषय काढलात तर लोकांना तो क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ देणारी वस्तू हीच. ज्याला एका दमात दोनशे पावलं चालता येतात, त्याचं जग बाक नसेल तर दोनशे पावलांचंच राहतं. वाटेत बाक ठेवला की तेच जग दुप्पट होतं, दोन ठेवले की तिप्पट. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत वर्दळीच्या पायवाटांवर ५० मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता बसायची सोय असावी असं म्हटलं आहे. न्यूयॉर्कने २०११ पासून रस्त्याकडेला बाक बसवले, आणि ते कुठे हवेत हे नागरिकांनाही सुचवता येत होतं.

बाक कसा हवा, हे बसून उठून पाहिल्याशिवाय कळत नाही. बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर. खोल किंवा मागे कललेली बैठक आरामशीर वाटते, पण तिच्यातून उठता येत नाही. पाठ हवी. आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण वयस्क माणूस हातांवर भार देऊन उठतो. बागेतला तो बिनपाठीचा दगडी ओटा यातल्या कशालाच उतरत नाही. पायांखाली मोकळी जागा हवी, उठताना पाय मागे घ्यावे लागतात. सावली हवी. आणि बाकाचं तोंड रहदारीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे असू द्या. ज्येष्ठांना शांतता हवी असं समजून आपण बाक कुठल्यातरी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि मग तिथे कुणी बसत नाही. दिवसभर घरात शांतताच असते, माणूस बाहेर पडतो तो माणसं दिसावीत म्हणून. शेजारच्या दुकानदारांचा किंवा रहिवाशांचा आक्षेप येईल की टवाळखोर बसतील. वाद घालत बसू नका. सहा महिन्यांसाठी ठेवू, त्रास झाला तर हलवू, असं सांगा. दिव्याखाली आणि दुकानांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा. हलवायची वेळ सहसा येत नाही.

पुढचा विषय लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून तुम्हालाच काढावा लागेल. स्वच्छतागृह. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, प्रोस्टेटचा त्रास असतो, बाळंतपणांनंतर बऱ्याच स्त्रियांना ती रोखून धरता येत नाही. यावर माणसं स्वतःच उपाय काढतात: बाहेर जायच्या दिवशी गोळी घेत नाहीत, पाणी पीत नाहीत. मग भर उन्हात चक्कर येते. दारात बसून हे ऐकल्याशिवाय कुठल्याही अहवालात ते येत नाही, आणि पुरुष सर्वेक्षकाला तर बायका सांगतच नाहीत, तेव्हा घरभेटींना स्त्री कार्यकर्त्या असू द्या.

नवी स्वच्छतागृहं बांधणं आणि मुख्य म्हणजे ती स्वच्छ ठेवणं महाग पडतं. जर्मनीतल्या आलेन शहराने वेगळा मार्ग काढला आणि तो पुढे इतर अनेक शहरांनी उचलला. उपाहारगृहं आणि दुकानं आपलं स्वच्छतागृह कुणालाही, काही विकत न घेता, वापरू देतात, दारावर तशी खूण लावतात, आणि त्याबद्दल नगरपालिका त्यांना ठरलेली रक्कम देते. माणसाला दारावरची खूण पाहून आत जाता येतं, विनवणी करावी लागत नाही. हे तुम्हाला पहिल्या वर्षातच सुरू करता येईल. एक सूचना मात्र: स्वच्छतागृह तळमजल्यावर असेल, आत धरायला दांडा असेल आणि कमोड असेल, अशाच जागा यादीत घ्या. वरच्या मजल्यावरच्या दहा जागांपेक्षा अशा दोन बऱ्या.

बसबद्दल थोडक्यात. मोफत पासाची मागणी नेहमी होते आणि तो द्यावाही, पण पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असेल तर पास पाकिटातच राहतो. नव्या गाड्या घेताना ज्यांचा तळ रस्त्यालगत खाली असतो अशा (लो-फ्लोअर) घ्या, म्हणजे चढायला पायरीच नसते. ज्या आहेत त्यांत एकच बदल करा: वयस्क माणूस बसल्याशिवाय किंवा दांडा धरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. बसमध्ये पडून होणाऱ्या दुखापती बऱ्याचदा गाडीच्या धक्क्याने होतात, टक्कर झालेली नसतानाही. चालकांना दोष देण्याआधी त्यांचं वेळापत्रक बघा. फेरीची वेळ इतकी घट्ट असते की दहा सेकंद थांबणं त्यांना परवडत नाही. वेळापत्रकात ती दहा सेकंदं घाला, मग सूचना पाळली जाईल.

दिव्यांचंही तसंच. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि झगझगीत प्रकाश त्याला जास्त खुपतो. म्हणून उंच खांबावरचा एक भगभगीत दिवा नको, फूटपाथवर एकसारखा पडणारा उजेड हवा. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी मारा. ते काम एका दिवसाचं आहे.

घर हा शहराचाच भाग आहे, हे समित्या विसरतात. फेरी सुरू होते ती न्हाणीघरातून आणि जिन्यातून. न्हाणीघरात धरायला दांडा, न घसरणारी फरशी, उंबरठ्याला छोटा उतार आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा, ही कामं एका मिस्त्रीला दिवसभरात करता येतात. नगरपालिकेने दोन-चार कारागिरांना हे नीट शिकवून त्यांची यादी जाहीर केली आणि गरजूंचा खर्च उचलला, तर कित्येक माणसं रुग्णालयात जाण्यापासून वाचतील. डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकापासून ठरावीक वय ओलांडलेल्यांना नगरपालिकेने घरभेट देऊ करण्याची कायद्याने व्यवस्था केली आहे. माणूस आजारी पडायच्या आधी कुणीतरी येऊन विचारतं, कसं चाललंय, काय अडतंय. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर अडकलेल्यांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. लिफ्ट बसवायला सगळ्या रहिवाशांची संमती आणि पैसा लागतो. त्याच वस्तीत तळमजल्यावरचं घर बदलून मिळवून द्यायला नगरपालिकेने मध्यस्थी करावी असं मी सुचवतो. दूरच्या नव्या वसाहतीत हलवू नका. ऐंशीव्या वर्षी शेजार बदलला की माणसाचा अर्धा आधार जातो.

एकटेपणावर भाषणं पुष्कळ होतात. त्याचा जीवघेणा चेहरा उष्णतेच्या लाटेत दिसतो. शिकागोत जुलै १९९५ मध्ये काही दिवसांच्या लाटेत ७०० हून अधिक माणसं मेली. त्यांतले पुष्कळ जण वयस्क आणि एकटे राहणारे होते. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे १५ हजार माणसं दगावली, तीही मोठ्या प्रमाणात वयस्कच. त्यानंतर फ्रान्सने २००४ मध्ये कायदा केला. नगरपालिकांनी एक नोंदवही ठेवायची, ज्या ज्येष्ठांची किंवा अपंगांची इच्छा असेल त्यांनी तिच्यात नाव घालायचं, आणि लाटेचा इशारा आला की त्यांना फोन करून किंवा भेटून विचारपूस करायची. तुम्हाला हे या उन्हाळ्याच्या आधी करता येईल. नोंदणी ऐच्छिकच ठेवा आणि यादी बाहेर जाणार नाही याची कडक काळजी घ्या, कारण एकट्या राहणाऱ्यांची यादी चोराच्याही कामाची असते.

ज्यांनी नाव घातलं नाही त्यांचं काय? बार्सिलोनात २००८ पासून एक उपक्रम चालतो, त्याचं नाव ‘राडार्स’. वस्तीतले शेजारी, दुकानदार आणि औषधविक्रेते यांनी सहज लक्ष ठेवायचं. रोज येणारे आजोबा चार दिवस आले नाहीत, किंवा आजी भलत्याच कपड्यांत, गोंधळलेल्या दिसल्या, तर कुणाला कळवायचं हे त्यांना ठाऊक असतं आणि पुढचं काम समाजसेवा विभाग करतो. अशा योजनेत खरं बळ त्या दुसऱ्या टोकाला लागतं. फोन घेणारा माणूस नसेल तर दुकानदार एकदा कळवतो, दुसऱ्यांदा कळवत नाही. जपाननेही २००५ पासून सर्वसामान्य नागरिकांना स्मृतिभ्रंशाबद्दल साधारण दीड तासाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि आजवर एक कोटीहून जास्त लोकांनी ते घेतलं आहे. बँकेतला, दुकानातला माणूस गोंधळलेल्या ग्राहकाशी कसा बोलतो यावर तो ग्राहक पुन्हा येईल की नाही हे ठरतं.

खिडकीवरच्या कामांबद्दल एवढंच सांगतो: मोबाईलवरून अर्ज, ओटीपी, भेटीची वेळ ही सोय जरूर असू द्या, पण माणूस बसलेली एक तरी खिडकी बंद करू नका. तिच्यासमोर खुर्ची ठेवा. नातवाच्या हातात फोन देऊन पेन्शनचं काम करून घेणाऱ्या माणसाला आपला व्यवहार आपल्या हातात राहिला नाही याची बोच असते, आणि फसवणूक होते ती याच फटीतून.

आता हे घडवायचं कसं. फूटपाथ एका खात्याचा, सिग्नल दुसऱ्याचा, थांबा परिवहनाचा, स्वच्छतागृह आरोग्य विभागाचं, झाड उद्यान विभागाचं. वयस्क माणसाची फेरी या सगळ्यांतून जाते, पण ती पूर्ण झाली का हे पाहणं कुणाचंच काम नसतं. म्हणून समितीने पहिली मागणी करावी ती एका अधिकाऱ्याची, ज्याला या सगळ्या खात्यांना बोलावून तारीख पाळायला लावायचा अधिकार असेल. मग निवडलेल्या वस्तीत त्या खात्यांच्या अभियंत्यांना तिथल्याच चार-पाच ज्येष्ठांसोबत पायी न्या, त्यांच्या गतीने, सकाळच्या बाजाराच्या वेळी. नकाशावर चार बैठकांत न पटणारी गोष्ट आजी खांब धरून उभ्या राहिल्या की लगेच पटते. समितीवरही वयाने मोठे पण गाडीतून फिरणारेच लोक नसावेत. काठी घेऊन चालणारी, बसने येणारी, एकटी राहणारी माणसं घ्या आणि बैठक त्यांना येता येईल अशा जागी ठेवा.

अंदाजपत्रकात दर वर्षी देखभालीसाठी वेगळी रक्कम धरायला लावा. नवी वस्तू बसवायला पैसा मिळतो, कारण तिचं उद्घाटन होतं. बाकाचा तुटलेला हात बदलायला, सिग्नलचा बिघडलेला आवाज दुरुस्त करायला, उखडलेली फरशी बसवायला तो मिळत नाही. दुरुस्ती किती दिवसांत होईल हे लिहून जाहीर करा, आणि प्रत्येक वस्तीत एका माणसाला थेट फोन करता येईल असा क्रमांक द्या. वर्ष झाल्यावर पहिल्या पाहणीत ज्यांना विचारलं होतं त्याच माणसांकडे परत जा आणि सोडलेल्या जागांपैकी कुठे पुन्हा जायला लागलात, ते विचारा. जिथे अजूनही कुणी जात नाही, त्या वाटेवरची पुढची दुरुस्ती दुसऱ्या वर्षाच्या यादीत सगळ्यात वर घाला.